नऊ गुणांची आघाडी पाच सामन्यांत गेली कशी? (आयाक्स, 2024-25)

निपाणी_झेरॉक्स
मंडळी, रागानं नाही, समजून घ्यायचंय म्हणून विचारालोय.

नेदरलँड्सची फुटबॉल लीग. एप्रिलच्या मध्याला आमच्या आयाक्सचे 29 सामन्यांत 73 गुण, पीएसव्हीचे 64. पाच सामने बाकी. माझं दुकान निपाणी बसस्टँडजवळ. हे दोन आकडे ए-फोरवर थोरल्या टायपात छापले आणि काचेला आतून चिकटवले. समोर चहाचा गाडा आहे, ते मामा पीएसव्हीवाले. का, तर तो फिलिप्स कंपनीनं काढलेला क्लब, आणि लहानपणी घरात फिलिप्सचा रेडिओ होता! किलोभर बेळगावी कुंद्याची पैज लागली.

पुढं काय झालं तुम्हाला ठाऊकच आहे. उट्रेख्टमध्ये 0-4. स्पार्टाशी 1-1. घरच्या मैदानावर एनईसीकडून 0-3. मामा रोज सकाळी चहाचा ग्लास ठेवताना काचेकडं बोट करायचे आणि कानडीत एवढंच विचारायचे, "एष्टु?" किती?

मग 14 मे, ग्रोनिंगेन. आयाक्स 2-1 पुढं. आई शेजारी झोपलेली, म्हणून मोबाईलचा आवाज बंद. 99 व्या मिनिटाला बरोबरी झाली. आवाज नसला की गोल पण खोटा वाटतो. हिरव्या जर्सीवाले एकमेकांच्या अंगावर पडाले होते, तरी मी आपला ऑफसाईडची वाट बघत बसलो.

18 मेला ट्वेंटेला 2-0 हरवलं, पण तिकडं पीएसव्हीनं स्पार्टाला 3-1 मारलं. 79 विरुद्ध 78.

हिशेब करून करून डोकं दुखालंय. पाच सामन्यांत सात गुण पुरे होते, मिळाले पाच. म्हणजे तो 99 व्या मिनिटाचा गोल झाला नसता तर 80 होऊन विजेते आम्हीच. दुसरं असं की पीएसव्हीला आयाक्सनं दोन्ही वेळेला हरवलंय, नोव्हेंबरात 3-2, मार्चमध्ये त्यांच्याच घरात 2-0. समान गुण झाले असते तर ते धरलं असतं का? आणि मुळात हे झालं कशानं?

शाहूस्टेडियम_गॅलरी
दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही. तिथं आधी गोलफरक बघतात, आपसातले सामने नाही. आणि गोलफरकात तुमचा संघ कुठल्या कुठं होता. पीएसव्हीनं हंगामात शंभराच्या वर गोल मारले, आयाक्सनं सत्तर सुद्धा नाहीत.

पहिल्याचं उत्तर पण त्यातच आहे भावा. प्रशिक्षक फारिओलीचा संघ चिंगूस होता. एक गोल मारायचा आणि दार लावून बसायचं. ते चालतं तोवर लोक शिस्त म्हणतात. आमच्याकडं कोल्हापुरात तालीम संघांच्या सामन्यात एखादा संघ विसाव्या मिनिटापासून वेळ काढाय लागला की गॅलरीतली म्हातारी माणसं लगेच म्हणतात, ह्यास्नी शेवटी बसणार. बसतंयच.

खानापूर_पॅसेंजर
किलोभर? मर्दा, पाव किलोवर मिटवायचं की.

उद्यमबाग_ते_आइंडहोवन
मी मूळचा बेळगावचा, उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर होतो, आता सहा वर्षं पीएसव्हीच्या गावात, आइंडहोवनला आहे. त्यामुळं मी कुठल्या बाजूचा ते सांगायला नको. (आणि ते "अजाक्स" म्हणणाऱ्यांना पहिल्यांदाच बरोबर लिहिलेलं दाखवल्याबद्दल आभार.)

सगळे आयाक्सनं घालवलं म्हणाले, पण पाचपैकी पाच जिंकलं कोण? थंडीतल्या सुट्टीला पीएसव्हीच वर होती, नंतर दोन-तीन महिने पार ढेपाळली. मार्चच्या त्या 0-2 नंतर इथं कँटीनमध्ये लोक पुढच्या हंगामाचं बोलाय लागले होते. माझ्या शेजारचे आजोबा, फिलिप्समधून रिटायर, त्यांनी झेंडा घडी करून कपाटात ठेवला होता.

खरा दिवस 11 मे. रॉटरडॅममध्ये पीएसव्ही फायनूर्डकडून 0-2 मागं. मी इस्त्री करत होतो. 2-2 झालं तेव्हा इस्त्री उभी केली, आणि जादा वेळेत नोआ लांगनं तिसरा मारला तेव्हा भिंतीपलीकडनं आजोबांनी काहीतरी आपटलं. त्याच दिवशी तुमची एनईसीकडून 0-3. म्हणजे बघा, एकच दिवस इकडं तीन गुण देऊन गेला आणि तिकडं जीव काढून गेला. संध्याकाळी झेंडा बाहेर आला, घडीच्या रेघा तशाच होत्या.

पोरं थकली होती म्हणतात, ती सबब मला पटत नाही. युरोपातल्या स्पर्धेतनं आयाक्स मार्चमध्येच फ्रँकफुर्टकडून हरून मोकळी झाली होती. उट्रेख्टच्या चार गोलांनंतर पोरं भ्यायली, एवढंच. एक मात्र सांगतो, ऑक्टोबर 2023 मध्ये हाच क्लब तक्त्यात तळाला होता आणि तो हंगाम पाचव्यावर संपवला. तिथनं वर्षभरात 78 गुण! फारिओली शेवटच्या सामन्यानंतर दुसऱ्याच दिवशी सोडून गेला हे मला तरी बरं वाटलं नाही.

निपाणी_झेरॉक्स
गोलफरकाचं माहीत नव्हतं. म्हणजे सहा गुण मिळवून पण भागलं नसतं. आणखीनच वाईट वाटालंय.

गॅलरीवाले दादा, चिंगूस म्हणा, पण मी ह्या संघाच्या नादाला लागलो तो ऑगस्टमध्ये, ग्रीसच्या पानाथिनाइकोसविरुद्धच्या पेनल्टींपासून. 34 पेनल्टी. 13-12. चाळिशीचा पास्वेर गोलात, त्यानं पाच अडवल्या. त्या रात्री आईनं उठून विचारलं होतं, कोण वारलं का.

कुंदा दिला. शनिवारी बेळगावला लग्नाच्या पत्रिकांचा कागद आणायला गेलो होतो, येताना घेतला, पूर्ण एक किलो. मामांनी डबा गाड्यावर उघडा ठेवला आणि दिवसभर गिऱ्हाइकांना चमचा चमचा वाटत होते, वर माझ्या दुकानाकडं बोट. तंबाखूच्या वखारीतल्या बायकासुद्धा आता मला आयाक्स म्हणून हाक मारालेत.

73-64 चा कागद अजून काचेवरच आहे. ब्लेडनं खरवडला, तर 64 निघालं आणि 73 तसंच राहिलं.