डाकोटा, १८८०-८१चा हिवाळा: 'धीर धरला' म्हणजे नेमकं काय केलं?

माळकरी:
अमेरिकेतल्या डाकोटा प्रदेशात ऑक्टोबर १८८०मध्येच पहिलं हिमवादळ आलं. जानेवारीत बंद पडलेल्या आगगाड्या डी स्मेटसारख्या गावात थेट मेमध्ये पोहोचल्या. झाडं नाहीत, कोळसा संपलेला. वसाहतकऱ्यांनी धीर धरला एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं. दिवसभर ते करत काय होते?

चुलाणं:
जळणासाठी गवत पिळत होते. पाणथळातलं लांब, जाड गवत मूठभर घ्यायचं, दोन्ही टोकं धरून उलट दिशांना पीळ द्यायचा. पुरता पीळ बसला की ते आपणच दुमडून स्वतःभोवती वळतं, मग टोकं आत खोचायची. सुटं गवत भपकन जळून जातं. पिळलेल्यात हवा कमी शिरते, म्हणून काही मिनिटं टिकतं. काही मिनिटंच, बरं का! चूल विझू द्यायची नसेल तर कोणीतरी सतत वळत बसलंच पाहिजे. माळावरचं आखूड गवत घेतलं तर पीळ सुटतो. ओलं असलं की घरभर धूर. राख भराभर साठते, ती वरचेवर काढावी लागते. हात चिरतात, थंडीने बधिर होतात, पीळ सैल पडतो आणि सैल पीळ लवकर संपतो. म्हणून पाळी बदलायची. माझ्या मते त्यांचा धीर त्या पाळीत होता, छातीठोकपणात नव्हता.

दाणागोटा:
दुसरी पाळी दळणाची. पीठ संपल्यावर गहू कॉफीच्या हातचक्कीत दळले. तिच्यात एका वेळी मूठभरच दाणे मावतात, त्यामुळे एका कुटुंबाच्या भाकरीपुरतं दळण निघायला दिवस जायचा. पीठ जाडंभरडं, खमीर नाही, म्हणून आंबवलेल्या पिठावर पाव. त्यातही बियाण्याचा गहू खायचा की राखायचा हा घोर होताच.

माळकरी:
मग गाडी आणायला फावडी घेऊन माणसं जात होती ना?

चुलाणं:
जात होती. पण रूळ खोदून काढलेल्या चरातून जातात. उपसलेला बर्फ काठावर टाकला की चर आणखी खोल होतो आणि पुढच्या वाऱ्यात काठोकाठ भरतो. दर खेपेला काम वाढतच गेलं.

खुंटदोर:
बाहेर पडण्याबद्दल सांगायचं तर त्याच भागातलं नंतरचं, १२ जानेवारी १८८८चं वादळ बघा. सकाळ उबदार होती, लोक जाड कोट न घालता निघाले आणि वादळाने अचानक गाठलं. हातभर अंतरावरचं दिसेना. गोठ्यापर्यंत जायचं तर दोर घराला बांधून, तो धरूनच. वादळ यायच्या आधी बांधलेला असेल तरच उपयोग.