२०१३ चा डेस्कटॉप: दुरुस्त करून चालवायचा का भंगारात द्यायचा?

झेरॉक्सवाला_दारव्हा
गावात झेरॉक्स आन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे माझं. पीसी २०१३ चा, इंटेलचा सेकंड जनरेशन आय थ्री प्रोसेसर, एच ६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम. पीक विम्याच्या गर्दीत लोकं रांगेत उभे आन् हा अडीच मिनिटं नुसता फिरून राहिला. तालुक्याचा दुकानदार म्हणे फेक, नवीन घे. त्यानं डबा उघडूनसुद्धा पाहिला नाही. मी घरी उघडला तं हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) कापसाच्या तंतूची गादी बसून होती, त्याखालची थर्मल पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती, आन् हार्डडिस्क टकटक करत होती. साफ केला, पेस्ट लावली, हार्डडिस्कच्या जागी साटा एसएसडी (जलद डिस्क) टाकली, डीडीआर थ्री रॅमची सेकंडहँड स्टिक टाकून ८ जीबी केली. आता २५ सेकंदात चालू होते. सगळे मिळून २४०० रुपये. चांगली मशीन अशी फेकायला लावणं मला पटत नाही.

हार्डवेअर_वर्धा
भाऊ मेहनत चांगली केली पण मी विरोधातच बोलणार. एच ६१ चं साटा पोर्ट, जिथं डिस्क जोडतात ते, ३ जीबीपीएसचं, म्हणजे एसएसडीचा अर्धा स्पीड वायाच जाते. ते सोडा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट बंद, आन् विंडोज ११ ला इंटेलचं कमीत कमी आठवं जनरेशन आन् टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे. तुमच्या मशीनवर लोकांचे आधार, पासबुक स्कॅन होतात ना? घरचा पीसी असता तं बोललो नसतो.

झेरॉक्सवाला_दारव्हा
अर्धा स्पीड धरला तरी जुन्या डिस्कच्या दुप्पट पडते, मला तेवढा पुरते. सपोर्टचं म्हणणं मान्य आहे, म्हणून वाढीव सिक्युरिटी अपडेट चालू करून घेतले, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीमही टाकून पाहिली, मस्त पळते, पण अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर बसला नाही.

हार्डवेअर_वर्धा
मग २०२६ च्या दिवाळीत काय करसान? हेच २४०० बाजूला ठेवून नागपुरातून आठव्या जनरेशनचा जुना ऑफिस पीसी आणला असता तं पुढचे काही वर्षं पाहावं लागलं नसतं.

पुसदकर_वायरमन
दोघंही एसएमपीएस, म्हणजे पीसीले वीज देणारा डबा, विसरले बापा. आपल्याकडं शेतातले पंप सुरू झाले का व्होल्टेज बसते, बंद झाले का उसळते, त्यात जुन्या एसएमपीएसचे कॅपॅसिटर (आतले वीज साठवणारे भाग) फुगतात. तो गेला तं बोर्ड, एसएसडी सगळं सोबत घेऊन जाते. कॅबिनेटच्या पत्र्याले हात लावून पाहा, झिणझिण्या आल्या तं अर्थिंगच नाही समजा. आन् मागच्या जूनमध्ये विजा कडाडून राहिल्या होत्या, मी प्लग काढला, नेटची वायर राहिली. लॅन पोर्टातून बोर्ड जळाला माझा, पोर्टाजवळ काळा डाग अजून दिसते. नवा घ्या का जुना ठेवा, हा खर्च आधी करा.

झेरॉक्सवाला_दारव्हा
भाऊ आत्ताच पाहिलं, झिणझिण्या येतात. एसएमपीएसही पहिलाच आहे, २०१३ चा. उद्या दुकान बंद ठेवतो, आधी अर्थिंगचा खड्डा खणतो.

हार्डवेअर_वर्धा
ते नक्की करा. पीसीचं माझं म्हणणं तेच आहे, पण अर्थिंग नव्या मशीनलेही लागणारच.