आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाने मॅनेजर (म्हणजे मैदानावरचा मुख्य प्रशिक्षक) आणि फ्रंट ऑफिस (म्हणजे खेळाडू निवडणारे, संघ बांधणारे वरिष्ठ अधिकारी) दोन्ही बदलावेत, हे मत मला अर्धेच पटते, कारण ही दोन्ही पावले त्यांनी टाकून झालेली आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रंट ऑफिसचे प्रमुख केनी विल्यम्स आणि रिक हान यांना दूर करण्यात आले. परंतु मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी बाहेरून कोणाला न आणता, नवे खेळाडू घडवण्याचा विभाग ज्यांच्याकडे होता त्या ख्रिस गेट्झ यांनाच त्यांच्या जागी वर चढवले, आणि खरी मेख मला तेथेच दिसते. (मालकाला बदलण्याची सोय अर्थातच नसते.)

मॅनेजर बदलून काय झाले, तेही पाहावे. २०२४ मध्ये सलग २१ पराभवांची मालिका ६ ऑगस्टला ओकलंड येथे ५-१ अशा विजयाने एकदाची संपली आणि दोनच दिवसांनी मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना नारळ मिळाला. तोवर २८ विजय आणि ८९ पराभव झाले होते; त्यांच्या जागी आलेल्या ग्रेडी साइझमोर यांच्या हाताखाली उरलेल्या ४५ सामन्यांत १३ विजय मिळाले आणि हंगाम १२१ पराभवांवर थांबला.

याउलट २०२२ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने मॅनेजर जो जिरार्डी यांना २२ विजय आणि २९ पराभव अशा स्थितीत काढले, फ्रंट ऑफिस तसेच ठेवले, आणि नवे मॅनेजर रॉब थॉमसन यांनी संघ वर्ल्ड सीरिजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, नेला. मात्र तेथे ब्राइस हार्पर आणि झॅक व्हीलर यांच्यासारखे अव्वल खेळाडू आधीपासून संघात होते.