सॉसेज परतताना वेगळे तेल नकोच
सॉसेज, कोबी आणि गाजर एकत्र शिजवताना सॉसेज आधी भरपूर तेलात परतावे, असे काहीजण सुचवतात. जेवण हलके हवे असेल तर मला ते पटत नाही. सॉसेज तापू लागले की स्वतःचीच चरबी सोडते, म्हणून ते मंद आचेवर सर्व बाजूंनी तांबूस होईपर्यंत फिरवत राहावे आणि चमचाभर चरबी ठेवून बाकीची काढून टाकावी. त्यातच कांदा परतून थोडे पाणी शिंपडले की तळाला धरलेला तांबूस थर चरचरत सुटतो, आणि खरी चव त्यातच असते. मग गाजर, चकत्या केलेले सॉसेज व शेवटी कोबी घालून झाकण ठेवावे. कच्च्या सॉसेजचा गाभा ७१ अंश सेल्सिअसपर्यंत, कोंबडीचे असल्यास ७४ अंशांपर्यंत, तापायलाच हवा. मीठ मात्र चाखूनच घालावे, कारण सॉसेजमध्ये ते मुळातच भरपूर असते.