कडाक्याची थंडी, विंड चिल आणि आपल्या जुन्या गाड्या: अनुभव लिहा

मिनियापोलिस, १९७१ ची बीटल
जानेवारी आला की सगळ्यांचं सुरू होतं, तुमच्याकडे किती उणे, आमच्याकडे किती. पण जुन्या गाड्यावाले बोलतात तेव्हा एक जण हवेचं तापमान सांगतो, दुसरा विंड चिल, म्हणजे वारा धरून अंगाला किती थंडी जाणवते तो आकडा, सांगतो, आणि मग कुणाच्या गाडीने जास्त सोसलं ते काही कळत नाही. ३० जानेवारी २०१९ ला आमच्याकडे पारा उणे २८ फॅरनहाइट होता, म्हणजे उणे ३३ सेल्सिअस, आणि वारा धरून उणे ५० फॅरनहाइटच्याही खाली. तर लिहा मंडळी, गाडी कोणती, पारा किती, वारा किती आणि गाडीचं नेमकं काय झालं.

माझ्यापासून सुरुवात करते. बीटलला रेडिएटरच नाही त्यामुळे पाणी गोठून इंजिनचा ब्लॉक फुटायची भीती नाही, बॅटरी धड असेल तर इंजिन सुरूही होतं. खरा त्रास पुढे बसणाऱ्याला. इंजिन मागे, आणि गरम हवा दाराखालच्या पोकळ पट्टीतून पुढच्या काचेपर्यंत येते, ती पट्टी रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने गंजली की हवा मध्येच बाहेर जाते. मग आपल्याच श्वासाची वाफ काचेवर आतून गोठते, सिग्नलला थांबलं की प्लास्टिकच्या कार्डाने खरवडायची, हिरवा होईपर्यंत तळहाताएवढी जागा साफ होते आणि पुढच्या सिग्नलला परत पांढरी.

विनिपेग, १९६७ ची मस्टँग
ताई, विषय फार बरा काढलात. आमच्याकडे कॅनडात बातम्यांत विंड चिलचा आकडा सांगताना पुढे सेल्सिअस लावत नाहीत, नुसतं 'विंड चिल उणे ४६' म्हणतात, कारण ते तापमान नाहीच. हवा उणे ३० सेल्सिअस आणि वारा ताशी ३० किमी असला की हा उणे ४६ येतो. आत्ताचं सूत्र २००१ पासूनचं, त्यासाठी माणसांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवून त्यांच्या चेहऱ्यावरून किती उष्णता जाते ते मोजलं होतं. म्हणजे हिशोब उघड्या कातडीचा आहे, लोखंडाचा नाही. रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी उणे ३० ला जाऊन थांबते, वारा कितीही सुटो, ती उणे ३१ सुद्धा होत नाही. बॅटरी, ऑइल, कूलंट यांच्यासाठी थर्मामीटर बघायचा. विंड चिल बघायचा तो बोनेट उघडून उभं राहायचं असेल तेव्हा, उणे ४० च्या पुढे गेला की पाच-दहा मिनिटांत उघडी कातडी गोठू शकते, आणि ग्लोव्ह काढल्याशिवाय बॅटरीचा नट काही हाताला लागत नाही.

एडमंटन, १९७८ ची मर्सिडीज २४० डी
वरच्या दादांचं म्हणणं पटतं पण अर्धंच. आकड्याने गाडी थंड होत नाही हे खरं, पण वाऱ्याने ती लवकर थंड होते हे उघड्यावर गाडी लावणाऱ्याला विचारा. माझी डिझेल आहे आणि हिवाळाभर रोज चालते. ब्लॉक हीटरची, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन विजेवर गरम करणाऱ्या हीटरची, वायर ग्रिलमधून बाहेर लोंबते, इथे कित्येक पार्किंगमध्ये प्लग असतात, सुरू करायच्या आधी तीन-चार तास लावला की पुरतो. पण तोच हीटर वाऱ्याच्या तोंडाला उभ्या गाडीत निम्मासुद्धा काम करत नाही, जेवढं तापवेल तेवढं वारा ग्रिलमधून घेऊन जातो. म्हणून मी रेडिएटरपुढे पुठ्ठा लावते आणि गाडीचं तोंड भिंतीकडे करते, एवढ्यानेही सकाळी फरक कळतो.

या मॉडेलचे ग्लो प्लग, म्हणजे सुरू करायच्या आधी इंजिन आतून तापवणारे प्लग, एकामागोमाग एक (सिरीजमध्ये) जोडलेले आहेत, एक गेला की चारही गार, मग उणे २५ ला कितीही सेल्फ मारा, काही होत नाही. आणि डिझेल. त्यातलं मेण थंडीत बाहेर येतं, फिल्टर चोंदतो, गाडी सुरू होऊन दोन चौक जाते आणि घुटमळून बंद पडते. पंपावर हिवाळी डिझेल येतं ते याचसाठी, ऑक्टोबरातली अर्धी टाकी तशीच ठेवून डिसेंबरात निघू नका.

शिकागो, १९७३ ची एमजीबी
माझी गाडी हिवाळ्यात गॅरेजमध्येच असते, मिठाच्या रस्त्यावर ती मी नेणार नाही. पण गॅरेजला हीटिंग नाही आणि २०१९ च्या त्याच ३० जानेवारीला इथे उणे २३ फॅरनहाइट होतं. वाऱ्याची झळ आत नाही, थंडी मात्र पुरती आत. दोन गोष्टी सांगतो. कूलंट जितकं घट्ट तितकं चांगलं असं कितीतरी लोक धरून चालतात, ते चूक आहे. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव, उणे ३७ सेल्सिअसपर्यंत तग धरतं, आणि नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. दुसरं बॅटरीचं. या गाडीत सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. पूर्ण चार्ज असल्या तर गोठत नाहीत, उतरलेल्या असल्या तर उणे ७-८ लाही गोठून फुटू शकतात. मी काढून घरात आणून ठेवतो.

सातारा, लिलावात घेतलेली जोंगा (फौजेची जुनी जीप)
मी फौजेत होतो, लेहला पोस्टिंग होतं. तिथं ना प्लग ना हीटर. संध्याकाळी रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं, सकाळी गरम करून भरायचं. ऑइल काकवीसारखं घट्ट, ड्रायव्हर लोक चेंबरखाली घमेल्यात निखारे ठेवायचे. ३५०० मीटरवर हवा विरळ, चोक जरा जास्त ओढला की स्पार्क प्लग पेट्रोलने ओले, परत पहिल्यापासून. त्यात वारा सुटला की पाना हाताला चिकटायचा. तीच मॉडेल आता माझ्या दारात आहे आणि पौषातल्या पहाटे एका झटक्यात उचलते.

नाशिक, वडिलांची पद्मिनी
निफाडकडे थंडी पडली की आमची गाडी चोकशिवाय हलत नाही, पण तुमचं वाचून आमची थंडी कसली म्हणायची. एक विचारायचं होतं, हिवाळाभर गाडी उभी ठेवता तेव्हा आठवड्यातून एकदा सुरू करता का? आमचे बाबा करायचेच.

विनिपेग, १९६७ ची मस्टँग
नाशिकच्या थंडीत केली तर चालेल, पण चांगली अर्धा तास फिरवून आणा. इथे अजिबात नाही. पाच मिनिटं चालवून बंद केली की सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं, इंजिन पुरतं तापत नाही म्हणून ते उडून जात नाही, आणि आतून गंज धरतो. मी ऑक्टोबरात नवं ऑइल घालतो, टाकी पूर्ण भरून त्यात पेट्रोल खराब होऊ नये म्हणून स्टॅबिलायझर टाकतो, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवतो, सायलेन्सरचं तोंड उंदरांसाठी जाळीने बंद करतो. मग एप्रिलात पावसाने रस्त्यावरचं मीठ धुऊन गेल्याशिवाय किल्लीला हात लावत नाही.