कॉलनीची स्वतःची मिनीबस चालू करायची आहे, टिकेल काय?

राणी चन्नम्मा नगर, रहिवासी:
नमस्कार. बेळगावातल्या आमच्या भागातून सिटी बसच्या थांब्यापर्यंत चालणं म्हाताऱ्या माणसांना होत नाही. रिक्षावाले परतीचं भाडं नाही म्हणून जास्त मागतात. २० सीटची गाडी ठरवून गणपत गल्लीच्या बाजारापर्यंत आणि नेहरूनगरच्या इस्पितळापर्यंत न्यायचा विचार आहे. शेजारच्या लेआउटची अशीच गाडी काही महिन्यांत बंद पडली. काय सांभाळावं?

निवृत्त कंडक्टर, वडगाव:
ताई, सिटी बसवर नोकरी झाली माझी, म्हणून कळकळीनं सांगतो. दोन्ही ठिकाणं एका गाडीत धरू नका. नेहरूनगर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मधल्या गर्दीत गाडी कधी परतेल ते ड्रायव्हरलाही सांगता यायचं नाही. एकच गाडी असेल तर जाऊन-येऊन २५ मिनिटांत बसेल एवढाच रस्ता घ्या. ५ मिनिटं हाताशी राहतात आणि गाडी दर अर्ध्या तासाला सुटते. दर तासाला 'पाच मिनिटांनी आणि पस्तीस मिनिटांनी' हे आजीच्याही लक्षात राहतं. फेरी ४० मिनिटांची झाली की वेळ रोज कागदावर बघावी लागते, आणि माणसं सरळ रिक्षाला हात करतात.

दुसरं, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं ११ जून २०२३ पासून बायकांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही. त्याच रस्त्यानं तुमची गाडी शहरात नेली तर पैसे देऊन कोण बसेल? तुमची गाडी मोठ्या रस्त्यावरच्या थांब्यापर्यंतच न्या, पुढं सरकारी बस आहेच की.

आणि दारादारात थांबवू नका हो! एकाची पायपीट वाचते, आत बसलेल्या दहा जणांचा वेळ जातो. चालत चार-पाच मिनिटांवर थांबे करा, पण तिथं बाक आणि छप्पर पाहिजेच. आपल्याकडच्या पावसात म्हातारं माणूस छत्री धरून उभं राहणार नाही.

हिंदवाडी, वकील:
परमिटचं आधी बघा. वाटेत माणसं घेऊन माणशी तिकीट घ्यायचं तर स्टेज कॅरेजचं परमिट लागतं. पूर्ण गाडी करारानं घेतली तर कॉन्ट्रॅक्ट कॅरेज, मग वाटेत बाहेरचं माणूस घेता येत नाही. आरटीओत विचारूनच वर्गणी गोळा करा.

राणी चन्नम्मा नगर, रहिवासी:
काका, मग इस्पितळाचं काय? आमच्या सासूबाईंना बस बदलणं जमायचं नाही.

निवृत्त कंडक्टर, वडगाव:
त्यांच्यासाठी आठवड्यातनं दोन सकाळी वेगळी फेरी ठेवा, आदल्या दिवशी नावं घेऊन. त्या दिवशी रोजची गाडी मात्र हलवू नका, दुसरी भाड्यानं घ्या.