मदत हवी आहे: एनएस-३ (नेटवर्क सिम्युलेटर) मध्ये टीसीपीचा (डेटा पाठवायचा प्रोटोकॉल) वेग १० एमबीपीएसच्या वर जातच नाही
मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टसाठी एनएस-३ मध्ये डंबेल टोपोलॉजी (दोन्ही बाजूंना नोड्स, मध्ये एकच सामायिक लिंक) केलीये, मधली लिंक ५० एमबीपीएस आणि आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर यायचा वेळ) १०० मिलीसेकंद, न्यूरेनो आणि क्युबिक या टीसीपीच्या दोन कंजेशन कंट्रोल (गर्दी झाली की वेग आवरायच्या) पद्धतींची तुलना करायचीये पण दोन्हींचा थ्रूपुट (प्रत्यक्ष मिळणारा वेग) १० एमबीपीएसच्या आसपास अडकतो आणि ग्राफच्या रेषा एकावर एक बसतात, पॅकेट ड्रॉप शून्य. कंजेशनच होत नाहीये तर तुलना कसली डोंबलाची! डिफॉल्ट बफर १३१०७२ बाइट आहे, त्याचे बिट करून आरटीटीने भागलं तर जवळपास साडेदहा एमबीपीएस येतात, म्हणून सेंड बफर १ एमबी केला तरी फरक शून्य. रिसीव्ह बफरपण वाढवावा लागतो का? की विंडो स्केलिंगची (६४ केबीपेक्षा मोठी विंडो सांगता येण्याची टीसीपीची सोय) भानगड आहे? परवा गाइडला ग्राफ दाखवायचाय, कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.